धोंड्याची सायकल

॥ श्री ॥

झरी
अधिक ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शके १८६४

मनकर्णाच्या बाबांस, कस्तुराचा शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनापासून केलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला नवल वाटायला नको.

हे पत्र वालूरला घरी न पाठवता सेलूला तुमच्या कापसाच्या जिनिंगच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी आलं असतं तर आत्याबाईंनी ते कापडवाल्या बन्सीधरशेठकडून वाचून घेतलं असतं. मला सासूशी भांडायचं नाही, नवऱ्याशी भांडायचं आहे. जिनिंगमधली माणसं दुसऱ्याची पत्रं फोडत नसतील असं धरून चालते. फोडलंच कुणी तर त्यालाही कळू दे, की आपले दिनकर कारकून सासऱ्याच्या घरी धोंड्याच्या ताटावरून उठून आले.

तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो. त्यात आपला लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. माझ्या मायनं अनारशाचे तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून पीठ करून ठेवलं होतं. पुरणाचे धोंडे ती सकाळपासून वळत होती. दादांनी सायकल अंगणात उभी केली होती, दांडीला हळदकुंकू लावलं होतं, आंब्याचा डहाळा बांधला होता. तुम्ही पाटावर बसलात. तूप वाढलं. दोन घास खाल्लेत आणि विचारलंत, "सायकल कुठून आणली?"

माझे दादा, माझा भोळा बाप, आनंदानं सांगायला लागला, "परभणीच्या कंपौंडरसाबाची हाय. त्याची बदली झाली बिदरला. लय जपून वापरलीय बगा त्यानं."

"म्हंजे जुनी हाय?"

"जुनी कशाची? वापरातली हाय. पर नव्याच्या वर मजबूत."

तुम्ही ताटात हात धुतलात. भरल्या ताटात. "मी काय भिकारी हाय का लोकाचं उतरलेलं घ्यायला?" म्हणालात, आणि चपला घालता घालता माझ्याकडं न बघता मला सांगितलंत, "नवी सायकल दारात आली की सांगावा धाडा. मंग येतो न्यायाला." माझ्याबद्दल बोलत होतात की धोब्याकडं टाकलेल्या धोतराबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर माय त्या ताटाजवळ बसून राहिली. ते अन्न कुणी खायचं नाही, टाकायचंही नाही. शेवटी गाईला घातलं. गाईनं काही जुनं-नवं केलं नाही, मुकाट्यानं खाल्लं.

आता सायकलीचं ऐका. दादा परभणीला गेले तेव्हा मीही बरोबर होते. त्यांनी आधी नवीच पाहिली होती. स्टेशनच्या रस्त्यावरच्या दुकानात एक नवी टांगलेली आहे. लढाईमुळं विलायती माल येईना झालाय, म्हणून दुकानदार त्या एकीला नवरीसारखी नटवून बसलाय. दादा घरी येऊन म्हणाले, "गोऱ्हा इकतो आन् नवीच आणतो. पयला धोंडा हाय जावयाचा." तो गोऱ्हा तुम्ही पाहिलाय. कपाळावर पांढरा ठिपका असलेला. त्याला दादांनी वासरू असल्यापासून हातानं चारलंय, पुढच्या वर्षी जोडीला लावायचा म्हणून. दादांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं कस्तुरे, नवी का जुनी?" आणि मी म्हणाले, जुनी.

तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धरा. माझ्या बापावर नको. तो माणूस ती सायकल परभणीहून झरीपर्यंत हातानं ढकलत घेऊन आला. त्याला सायकल चालवता येत नाही हे खरं, पण वाटेत कुणीतरी म्हणालं, "लिंबाजी, बसा की वर, मी ढकलतो," तर म्हणाला, "जावयाच्या वाणावर म्या कसा बसू?"

मी जुनी का म्हणाले, त्याला गोऱ्ह्याशिवाय आणखी एक कारण होतं. ताटावरचं सगळं जेवून उठणाऱ्या माणसाला ते सांगितलं असतं.

मनकर्णेच्या केसात उवा झाल्या होत्या, कडुनिंबाचं पाणी लावायचं राहिलंय. आत्याबाईंना तेवढं सांगा. तिला आईची आठवण येऊन रडत असली तर तुमच्या सायकलीची गोष्ट सांगा, म्हणजे झोपेल.

कस्तुरा


झरी
अधिक ज्येष्ठ वद्य अष्टमी

दिनकरराव,

लिहिलं नाव. मायनं बघितलं असतं तर तोंडाला पदर लावला असता. पण तुम्ही तुमच्या पत्रात माझ्या बापाचा उल्लेख नुसता 'लिंबाजी' असा केलाय, 'लिंबाजीला सांग' म्हणून. सासऱ्याला एक 'राव' लावायला शाई पुरली नाही. मग आपली फिटंफाट झाली.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आत्याबाई म्हणतात की धोंड्याचं वाण कोरंच असावं लागतं, वापरलेलं दान म्हणजे उष्टं दान, देणाऱ्याला पुण्य नाही आणि घेणाऱ्याच्या मागं साडेसाती. बरं. आत्याबाईंचं वय झालंय, त्यांनी बोलावं. पुढं तुम्ही लिहिता की जिनिंगमधले लोक हसतील. हसू द्या की. ते तुमच्या टोपीलाही हसत असतील. आणि मग सगळ्यात शेवटी हे वाक्य: 'मी दुसऱ्याची वापरलेली वस्तू आजवर घेतली नाही आणि यापुढेही घेणार नाही.'

हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं. मला वाटलं, भिंतसुद्धा हसेल.

दुसऱ्याची वापरलेली वस्तू कुणी घेतली ते मी सांगू का? तुम्ही बिजवर. गोजरबाई वारली आणि वर्ष सरायच्या आत तुम्ही बोहल्यावर उभे राहिलात. मी मात्र पहिल्या खेपेची नवरी, हातभर चुड्याची. मला कुणी विचारलं होतं का, बाई, तुला नवा पाहिजे की वापरलेला? उलट दादा मला समजावत होते. तुमच्याबद्दल त्यांनी काय शब्द काढले होते ठाऊक आहे? "बिजवर हाय, पर मजबूत हाय, जपून ऱ्हाणारा हाय." परवा सायकलीबद्दलही हेच म्हणाले. सायकलीच्या बाबतीत ते खरं निघालं.

लग्नाच्या दिवशीच आत्याबाईंनी माझ्या गळ्यात गोजरबाईचा टाक बांधला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर तिची मूर्ती. मेलेल्या सवतीला असा मान द्यायचा असतो, नाहीतर ती त्रास देते म्हणतात. तेव्हापासून मला नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं आणि मग मी नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा, दुसरा माझा. संक्रांतीचे पहिले तिळगूळ तिचे. म्हणजे माझ्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येक कोरी वस्तू एकदा वापरूनच झालेली असते. आत्याबाईंना विचारा बरं, हे सगळं उष्टं होतं की नाही? मग माझ्या मागं किती साडेसात्या लागल्या असतील!

तुमच्या घरातला पाटा तिच्या हातानं झिजलेला आहे. मधोमध खोलगट, तिला वरवंटा डावीकडं ओढायची सवय होती म्हणून तिकडं जास्त. मीही आता डावीकडंच ओढते. तुम्हाला भाकरी कशी लागते, झोपताना उशाला पाण्याचा तांब्या लागतो, हे तिनंच शिकवून ठेवलेलं. पहिल्या महिन्यात तुम्ही मला अंधारात 'गोजर' म्हणून हाक मारलीत. मी ओ दिली. त्या रात्री मी ताटात हात धुतला नाही. उठून माहेरीही गेले नाही.

गोजरबाईवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. आम्हा दोघींचं बरं जमतं. तुम्ही सेलूला असता, आत्याबाई देवळात जातात, तेव्हा घरात बोलायला मला तीच असते. आणि मनकर्णा तिचीच देणगी आहे. ती पोर पहिल्यांदा माझ्यापाशी आली तेव्हा कणगीमागं लपून बघत होती. आता माझा पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही. मला तुमच्या घरातलं सगळं दुसरेपणाचं मिळालं, पण ही लेक मला कधी दुसऱ्याची वाटली नाही.

आणि सायकल तुम्हाला पाहिजे होती तेवढी मलाही पाहिजे होती, हे विसरू नका. तुम्ही शुक्रवारच्या सुट्टीला येता, शनिवारी पहाटे जाता. पोरगी गुरुवारी संध्याकाळपासून वेशीकडं डोळे लावून बसते. सायकल असली तर तुम्ही रोज घरी याल, एवढाच माझा स्वार्थ. जुन्या सायकलीनंही सेलूहून वालूरला येता येतं. रस्ता तिला विचारत नाही, तू कोरी आहेस का म्हणून.

पाऊस तोंडावर आलाय. एकदा आपली काळी माती भिजली की नवी काय आणि जुनी काय, दोन्ही खांद्यावरच घ्याव्या लागतात. तेव्हा या. दादा अजून तुम्हाला 'आमचे जावई' म्हणतात. मी काय म्हणते ते वर लिहिलंच आहे.

कस्तुरा


झरी
निज ज्येष्ठ पौर्णिमा

मनकर्णाच्या बाबांस,

आज वटपौर्णिमा. माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, पण तुमची बातमी आली.

बन्सीधरशेठ कापडाचे गठ्ठे घेऊन इकडं आले होते. ओसरीवर बसून चहा घेतला आणि मायला म्हणाले, "धुरपदाबाई, तुमच्या कानावर आलंच असंल. तुमची इहीण नर्मदाबाई मानवतला पोरगी बघायलीय लेकासाठी. पोरीचा बाप नवी सायकल द्यायला तयार हाय म्हणं." इतकं सहज म्हणाले, जसं जोंधळ्याला काय भाव चाललाय ते सांगावं.  मी आतल्या खोलीत चौकटीला टेकून उभी होते. सगळं ऐकलं.

मग आता मी जुनी झाले का?

विचारते आहे, नीट सांगा. दीड वर्षात किती झिजले मी? माझा रंग उडाला की चाक वाकडं झालं? मानवतची कोरी असेल. तिच्या बापाची सायकलही कोरी असेल. दोन्ही एकदम दारात आल्या म्हणजे आत्याबाईंचा अधिक महिना सुफळ होईल. फक्त एक अडचण येईल. त्या पोरीच्या गळ्यात माझा टाक बांधता यायचा नाही. मेल्याशिवाय टाक होत नाही, आणि मी काही तुमच्या सोयीसाठी मरणार नाही.

तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, सायकल गंजली की तुझीही पाळी येईल.

बन्सीधरशेठनी हेही सांगितलं, की तुम्ही या बोलण्याला हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. आई बोलत होती आणि तुम्ही नखं काढत बसला होतात. खरं सांगू? हो म्हणाला असता तर मला एवढा राग आला नसता. माणूस वाईट आहे म्हटलं असतं आणि कडाकडा बोटं मोडली असती. पण तुम्ही नखं काढत बसलात! बायको ठेवायची की बदलायची एवढं चाललेलं असताना या माणसाला नखं वाढल्याचं आठवतं!

वडाला गेले होते. माय रडत होती, तिच्यासाठी गेले. सगळ्या बायका हसतखेळत दोरा गुंडाळत होत्या. मीही फेरे घातले. पण 'जन्मोजन्मी हाच' म्हणायची वेळ आली आणि मला खोकला आला. शेजारची म्हणाली, "पाणी दिऊ का गं?" मी म्हटलं, नको, हा पाण्यानं जायचा नाही.

तुम्हाला काय करायचं ते करा. फक्त माझ्या बापापर्यंत ही बातमी जाऊ देऊ नका. ते पेरणीवर आहेत, त्यांना अजून काही माहीत नाही. मायला मी शपथ घातलीय.

मनकर्णेला त्या मानवतच्या बोलण्यातलं काही ऐकू येऊ देऊ नका. तिला एक आई जाऊन दुसरी आली, तेवढं एका पोरीला पुरे झालं.

कस्तुरा


झरी
निज ज्येष्ठ वद्य एकादशी

दादा परवा परभणीला जातो म्हणून गेले, अजून आले नाहीत. पेरणी अर्धी टाकून गेले. गोठ्यात गोऱ्हा नाही. मायला विचारलं तर तोंडावर पदर घेऊन बसली. शपथ मोडली तिनं.

तुम्ही दादांना काही सांगावा धाडला होता का? असला तर मला आत्ताच्या आत्ता कळवा. तुमच्या दारात नवी सायकल आली तर ती घेऊ नका. कालपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते, आज विनंती करते आहे. माझी आजवरची एकच विनंती समजा. घेऊ नका.

कस्तुरा


झरी
आषाढ शुद्ध पंचमी

दिनकरराव,

तुम्ही परवा ज्या अंगणातून निघून गेलात, तिथल्याच ओट्यावर बसून लिहिते आहे.  काल परभणीला जावं लागलं, म्हणून काल लिहिलं नाही.

तुम्ही काय म्हणालात ते सगळं मला आठवतंय. मी काय म्हणाले ते तुम्ही तुमच्या सोयीनं वालूरला सांगाल, म्हणून ते कागदावर राहू दे.

माझं पत्र तुम्हाला वेळेवर मिळालं होतं हे तुम्हीच कबूल केलंत. तरी तुम्ही सायकल घेतलीत. माझ्या बापानं गोऱ्हा विकून ती तुमच्या दारात उभी केली, मला न सांगता, तुमच्या आईच्या पाया पडून. साठीचा माणूस! आणि तुम्ही तिच्यावर टांग टाकून मला न्यायला आलात. आषाढात उघाड पडली, रस्ता वाळला, म्हणून आलात. पाऊस असता तर नवी सायकल चिखलात घातली नसतीत, मग मी तुम्हाला दिवाळीपर्यंत आठवले नसते.

मनकर्णेला मागं बसवून आणलंत. का आणलंत तेही मला कळतं. आई आडमुठी आहे, लेकीला पाहून विरघळेल, असा तुमचा हिशेब. हिशेब बरोबर होता. मी घरातून धावत आले ते तिचं रडणं ऐकून.

तिची टाच सोलून निघाली होती. मागच्या चाकाच्या आऱ्यांत पाय गेला. ओढ्याच्या उतारावर तुम्ही दोघं पडलात, तिथपासून ती रडत आली होती. आणि तुम्ही काय करत होतात? तुम्ही सायकल भिंतीला लावलीत, खिशातून रुमाल काढलात आणि चाकावरच्या पत्र्यावर उठलेला ओरखडा पुसायला लागलात. थुंकी लावून. त्याच रुमालानं तिची टाच बांधता आली असती. पोर एका पायावर उभी, माझा पदर धरून ओरडतेय, रक्ताचे थेंब अंगणात, आणि तिचा बाप रंग गेला का ते बघतोय.

मी म्हटलं, "आधी लेकीचा पाय बगा."

तुम्ही वळून म्हणालात, "कार्टीनं पाय आत घातला. सांगितलं व्हतं, फाकून बस म्हणून." पाच वर्षांची होत आलीय ती, दिनकरराव. वालूरपासून झरीपर्यंत पाय फाकून बसायचं!

दादा हात जोडून उभे होते. "जावईबापू, आत चला, पाणी घ्या," म्हणत होते. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "नवी आली ना? आता आनखी काय पायजे? गाठोडं घे आन् चल."

तेव्हा मी म्हणाले, मी येत नाही. एवढंच म्हणाले. मी शिव्या दिल्या असं तुम्ही सांगत असाल तर ते खोटं आहे. शिव्या माझ्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण पोरीचा पाय धुवायचा होता.

तुम्ही मनकर्णेला म्हणालात, "चल गं, बस. आपुन जाऊ." आणि ती बसली नाही. तुम्ही तिला उचलून मागं ठेवलंत, ती सरपटत उतरली. पुन्हा ठेवलंत, पुन्हा उतरली. मी तिला काही शिकवलं नव्हतं. मी तर घरात पाणी आणायला गेले होते. शेवटी तुम्ही एकटेच गेलात. वेशीपर्यंत घंटी वाजवत गेलात, ती सगळ्या गावानं ऐकली.

काल दादांनी गाडी जुंपली आणि आम्ही तिला परभणीला दवाखान्यात नेलं. हाड शाबूत आहे. टाचेचं कातडं यायला वेळ लागेल. डॉक्टरनं औषध भरलं तेव्हा तिनं माझ्या दंडाला चावा घेतला, त्याचा वळ अजून आहे.

आता तुम्हाला ते दुसरं कारण सांगते. जुनी का म्हणाले ते.

दादा कंपौंडरची सायकल बघायला गेले तेव्हा मी बरोबर होते. मी ती सगळीकडून बघितली. बघताना दिसलं, की मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी बारीक तारेची जाळी विणलेली आहे. कंपौंडरनं स्वतः बसवलेली. मी विचारलं, ही कशाला? तर ते म्हणाले, "मेरी बच्ची पीछे बैठती थी ना माँ. एक बार पाँव गया अंदर. फिर मई इसकू जाली मार दिया." दुकानातल्या नवीला असली जाळी नव्हती. नव्या सायकलीवर कुणाचं पोर अजून बसलेलं नसतं, मग तिला कुठून असणार? मी तिथंच ठरवलं. मनकर्णा मागं बसणार, तिला ही पाहिजे. घरी येऊन दादांनी विचारलं तेव्हा मला विचारच करावा लागला नाही.

हे मी तुम्हाला धोंड्याच्या दिवशी जेवण झाल्यावर सांगणार होते. मनकर्णा इथं असती तर तिला बसवून दाखवणार होते. तुम्ही कौतुक कराल असं वाटलं होतं. इतकी मी वेडी होते.

ती सायकल आता गोठ्यात आहे, गोऱ्ह्याच्या जागेवर. दादा तिकडं जात नाहीत. गोऱ्ह्याबद्दल म्हणतात, चांगल्या घरी पडलाय, चारापाणी मायंदाळ हाय तिकडं. मी म्हटलं, दादा, माझ्याबद्दलही असंच म्हणाला होतात. तेव्हापासून त्यांनी जेवण कमी केलंय, आणि मला माझ्या जिभेचा राग येतो. पण खरं ते खरं.

नवी सायकल तुमची. दिलेलं वाण परत घेत नाहीत, ते तुम्ही ठेवा, वापरा, पुसा. मानवतचं काय करायचं ते ठरवा, पण या वेळी तोंडानं ठरवा, नखं काढत नको. लेक कायद्यानं तुमची आहे हे मला माहीत आहे. तुम्ही पोलीस पाटलाला घेऊन आलात तर मला ती द्यावी लागेल, आणि मी देईन. पण मग ती तुमच्या मागं बसेल का, ते पाटलाला सांगता येणार नाही.

मी नांदायला येणार नाही असं मी लिहीत नाही. येईन असंही लिहीत नाही. मनकर्णेसाठी मी तुमच्या घरी पुन्हा आयुष्यभर राबू शकते, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्याच जोरावर तुम्ही तिला सायकलवर घालून आणलंत. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ताटापेक्षा जास्त. गोऱ्ह्यापेक्षाही.

तिचा पाय जमिनीला टेकायला लागला की कळवीन. तेव्हा या. चालत या, गाडीनं या, नव्या सायकलवर या. पण आजपर्यंत तुम्ही मला न्यायलाच आलात. या खेपेला विचारायला या. मी काय म्हणेन, ते मलाही अजून माहीत नाही.

कस्तुरा